शहाबादीवर टाइल बसवायच्या आधी

पुणे,
रविवार, रात्री

ती. आई आणि ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबा किती खुशीत होते. "ठेकेदार येऊन मापं घेऊन गेला. आता आपलं घर पण एकदम हॉटेलसारखं करू की!" मी नुसतं "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. नंतर झोप आली नाही. फोनवर हे बोलणं जमत नाही. मध्येच कुकरची शिट्टी होते, मध्येच दारात कुणीतरी येतं, आणि बाबांचा आवाज जरा चढला की मी गप्प बसते. म्हणून लिहायला बसले. दोघांनी मिळून वाचा. आई, तुझा चष्मा सापडत नसेल तर बाबांना मोठ्यानं वाचायला सांग. आणि वाचून होईपर्यंत त्या माणसाला आगाऊ रक्कम देऊ नका, एवढं माझं ऐका.

दादानं कॅटलॉगचे फोटो पाठवलेत. सोप्यात आणि माजघरात चार बाय दोनच्या पांढऱ्या चकचकीत टाइल, त्याही शहाबादीच्या वरूनच. मातीच्या माळवदाखाली पीओपीचं छत आणि त्यात पट्टीचे दिवे. कोनाडे बुजवून भिंतीवर पीव्हीसीचे पॅनेल. झोपाळा काढायचा, कारण तिथं सोफा बसवायचाय. फोटो दिसायला छान आहेत. ते बघून बाबांना का आवडलं, तेही कळलं.

बाबा, तुमची इच्छा मला कळत नाही असं समजू नका. जन्मभर लोकांच्या घरी जाणाऱ्या चादरी विणल्यात आणि आपल्या घराच्या रंगाचं काम दर दिवाळीला पुढच्या दिवाळीवर टाकलंत. मिल बंद पडली तेव्हा मी आठवीत होते. सकाळचा भोंगा वाजला नाही, तरी तुम्ही सवयीनं उठून दाढी करून सोप्यात बसला होतात, ते मला अजून दिसतं. पुढं अक्कलकोट रोडच्या कारखान्यात यंत्रमागावर रात्रपाळ्या केल्यात, आमची शिक्षणं केलीत. आता दादाच्या लेकीचं लग्न ठरलंय, व्याही घरी येणार, त्यांनी घर बघून बरं म्हणावं असं तुम्हाला वाटतं. वाटायलाच हवं. घरावर पैसे खर्च करा, मनासारखे करा. फक्त हॉटेलसारखं म्हणजे कसं, ते मला सांगू द्या. हॉटेलांत जाणं हीच माझी अकरा वर्षांची नोकरी आहे.

टॉवेल विकायला मी हॉटेलांत मागच्या दारानं जाते. धोबीखाना, सामानाची लिफ्ट, चादरींचे ढीग, मग कधीतरी एखादी रिकामी खोली बघायला मिळते. कामासाठी प्रवास झाला की एक-दोन रात्री मुक्कामही होतो, आणि सुट्टीत आम्ही दोघं मुद्दाम जुन्या घरांची झालेली हॉटेलं शोधून तिथं राहतो. नवरा म्हणतो, तू खोलीत शिरलीस की आधी टॉवेल बघतेस. खरंच आहे ते. तुमच्याच सवयीनं बघते, बाबा. दोन बोटांत धरून चोळायचा, किनार ओढून बघायची, लूप नखानं उचलायचा. कोरा टॉवेल पाणी पीत नाही, दोन धुण्यांनंतर त्याची परीक्षा घ्यायची, हे तुम्ही मला शाळेत असताना सांगितलं होतं. हॉटेलवालेही नमुना घेऊन तेच करतात. पन्नास-पन्नास वेळा धुऊन बघतात, मगच पाचशे की सहाशे जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम वजन, हे बोलतात.

इतक्या खोल्या बघून एक गोष्ट माझ्या ध्यानात आलीय. चांगल्या हॉटेलात पैसा हात लागतो तिथं आणि पाय पडतो तिथं घातलेला असतो. दाराची कडी, नळ, पायाखालची फरशी, उशीचा अभ्रा, टॉवेल. भिंती पुष्कळदा नुसत्या चुन्याच्या. आणि दुसरं म्हणजे, ज्या हॉटेलांना लोक लांबून येऊन भाडं मोजतात, ती ज्या गावात आहेत त्या गावाची असतात. आपण कुठं आहोत हे डोळे उघडताच कळतं. तुमच्या कॅटलॉगमधली खोली सोलापुरातली आहे, सुरतेतली की दुबईतली, सांगता येईल का?

दोन वर्षांपूर्वी आम्ही तमिळनाडूत चेट्टिनाडला गेलो होतो, आठवतं? आई, तुला तिथून मी पितळी डबी आणली होती. तिथं कानाडुकाथान नावाच्या गावात विसालम म्हणून हॉटेल आहे. एका बापानं थोरल्या मुलीसाठी बांधलेलं हे घर. त्या भागातले चेट्टियार व्यापारी ब्रह्मदेश, सिलोन, मलायात गेले, पैसा मिळवला आणि आपल्या कोरड्या मुलखात येऊन हे प्रचंड वाडे बांधले. ब्रह्मदेशी सागाचे खांब, भिंतींना शंखशिंपल्यांचा चुना आणि अंड्यातला पांढरा बलक घालून घोटलेला गिलावा. हात फिरवला तर संगमरवरासारखा गार लागतो. दुसऱ्या महायुद्धानंतर तो व्यापार बसला, वाडे ओस पडले, कित्येक लोकांनी मोडून खांब-दारं विकली. कराईकुडीत त्या मोडीची एक अख्खी गल्लीच आहे. तिथं एक कोरीव दार भिंतीला टेकवून ठेवलं होतं, वर खडूनं किंमत लिहिलेली. मला आपल्या उत्तर कसब्यातला शेजारचा वाडा आठवला. त्याचे खांब टेम्पोत भरताना तुम्ही गच्चीवरून बघत होतात आणि दिवसभर जेवला नव्हतात.

त्या घरातल्या जमिनीबद्दल मला जास्त सांगायचंय. जवळच अत्तंगुडी नावाचं गाव आहे, तिथल्या हातानं केलेल्या टाइल तिथल्या घराघरांत आहेत. आम्ही त्या करताना बघायला गेलो. एक माणूस मांडी घालून बसलेला. पुढं काचेचा चौकोन, त्यावर लोखंडी साचा, साच्यात फुलाचे कप्पे. तो पळीनं एकेका कप्प्यात रंग ओतत होता. सिमेंटमध्ये कालवलेला लाल, पिवळा, हिरवा. साचा अलगद उचलला, तरी रंग एकमेकांत गेले नाहीत! वर कोरडी वाळू-सिमेंट भुरभुरली, मग ओला माल थापला, आणि तशीच टाइल बाजूला ठेवली. भट्टी नाही. काही दिवस पाण्यात बुडवून ठेवतात, वाळवतात, मग काच सुटून येते. वरची चकाकी त्या काचेची. हॉटेलातल्या टाइल किती तरी वर्षं पायाखाली आहेत आणि वापरून वापरून अजूनच गुळगुळीत झाल्यात.

मला तिथंच वाटलं, पन्नास टाइल घ्याव्यात आणि सोलापूरला पाठवाव्यात, आपल्या माजघरात बसवाव्यात. दर विचारलासुद्धा. रात्री खोलीत अनवाणी फिरताना मात्र पायाला ओळखीचं काहीतरी लागलं. आपली शहाबादी पायाला अशीच लागते. वैशाखात दुपारी आई जमीन पुसून घ्यायची आणि आम्ही उघड्या अंगानं त्यावर पडायचो, गाल टेकवून. तिथल्या लोकांनी शेजारच्या गावची टाइल घातली. आपल्या पणजोबांनीही तेच केलं होतं. कलबुर्गीच्या पुढं रेल्वेलाईनवर शहाबाद, तिथल्या खाणीतून आलेला दगड. त्यावर परक्या टाइल कशाला चढवायच्या? उलट आतल्या दोन फुटलेल्या फरश्या बदला, सांधे नव्यानं भरून घ्या आणि एकदा मशीननं हलकं पॉलिश मारून घ्या. निळसर राखाडी रंग कसा उठून येतो बघा. देवघरापुढची ती फरशी, जिच्यावर आजीच्या रांगोळीचे ठिपके रोज एकाच जागी पडून पडून खळगे झालेत, तिला मात्र पॉलिशवाल्यानं हात लावायचा नाही.

आता छताचं. आई, हे तुझ्यासाठी.

श्रीलंकेत बेंटोटा म्हणून समुद्रकाठचं गाव आहे. तिथल्या बेंटोटा बीच हॉटेलची मूळ इमारत जेफ्री बावा यांची, १९६९ सालची. हे बावा आधी वकील होते आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी आर्किटेक्ट झाले. हॉटेल आता नव्यानं बांधून काढलंय, पण स्वागतकक्षाचं छत जसं होतं तसं पुन्हा केलंय. आम्ही आत गेलो आणि सगळे वर बघत उभे राहिले. छत कापडाचं आहे! बाटिकचे मोठे मोठे चौकोन, लाल, निळे, केशरी, एकमेकांना लागून वर ताणून बसवलेले. मूळ छत एना द सिल्व्हा या बाईंनी केलं होतं. बाहेर ऊन, आत सगळीकडे त्या रंगांचा उजेड. मी मान दुखेपर्यंत बघत होते, आणि मला सारखी तू दिसत होतीस.

कारण आपल्या सोप्यात असंच छत तू केलं होतंस. माळवदाची माती झोपाळ्यावर पडायची, बाबांच्या ताटात पडायची, म्हणून तू तुळयांच्या मध्ये मिलमधली जुनी मोरपंखी चादर बांधलीस. चारी कोपऱ्यांना खिळे, मध्ये सुतळीचा आधार. रात्री आम्ही खाली झोपून त्यातले मोर मोजायचो. दादा म्हणायचा सोळा, मी म्हणायची अठरा, कारण दोन अर्धे मोर तुळईखाली गेले होते. पाहुणे आले की तू संकोचायचीस, "माती पडते म्हणून बांधलंय" असं उगाच सांगायचीस. तू जे केलंस ते बघायला मी विमानानं गेले, आई. हॉटेलात लोक त्याचे फोटो काढत होते.

म्हणून पीओपी नको. एक तर माळवदाला खालून झाकलं की वरून पाणी कुठं झिरपतंय, तुळईला वाळवी लागलीय का, काही दिसणार नाही, आणि दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल. छत फूटभर खाली येईल ते वेगळंच. आणि उन्हाळ्याचं काय? पारा बेचाळिसावर गेला तरी सोपा गार राहतो तो त्या दीड हात मातीमुळं. १९८४ मध्ये मागं जी स्लॅबची खोली काढली, तिथं रात्री अकरालाही बसवत नाही. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता खाली सोडतो. जोधपूरला एका नव्या हॉटेलात गॅलरीच्या बाहेर लाल दगडाची जाळी उभी केलीय, दुमडून बाजूला करता येते. ऊन जाळीवरच अडतं, वारा आत येतो. मागच्या खोलीच्या पश्चिमेच्या खिडकीला तसं काहीतरी करून घेऊ, बांबूची चटई किंवा विटांची जाळी. तो खर्च मी देते.

माळवदाचं एक मात्र बाबा, स्पष्ट लिहिते. तुम्ही चौऱ्याहत्तर वर्षांचे आहात. दर मिरगाच्या आधी शिडीवर चढून पांढरी माती पसरायची, हे आता बंद. त्याला माणूस लावायचा, मजुरी दादा आणि मी देऊ. सुताराकडून तुळया ठोकून बघून घेऊ. एखादी गेली असेल तर बदलू. हे काम पीओपीपेक्षा कमी दिसेल, पण घर त्यावर उभं आहे. छतातलं उजेडाचं साणं बुजवू नका. त्यावर काच बसवून घेऊ, म्हणजे पाऊस येणार नाही आणि सकाळी नऊचा तो उजेडाचा कवडसा देवळीवर पडायचा तसा पडेल.

आणि आता ते, जे लिहायला मला सगळ्यात जड जातंय.

मागच्या जूनमध्ये आई माझ्याकडे आली होती आणि रात्री बाथरूमला जाताना घसरली. मनगट मोडलं. तू सगळ्यांना सांगितलंस, "माझंच लक्ष नव्हतं." तुझं लक्ष होतं, आई. माझी फरशी चुकीची होती. हा फ्लॅट घेतला तेव्हा मीही फोटो बघूनच केला होता सगळा. पांढऱ्या चकचकीत टाइल, पीओपी, काचेचं दार. टाइलवर चार थेंब पाणी होतं आणि ते पांढऱ्यावर दिसतच नव्हतं. स्विच दाराजवळ, पलंगापासून आठ पावलं. अंधारात चाचपडत गेलीस तू. प्लॅस्टर काढेपर्यंत सहा आठवडे तुझी वेणी मी घातली, आणि रोज घालताना मला हेच वाटत होतं, की परक्या प्रवाशाला जी काळजी हॉटेल देतं तेवढी मी माझ्या घरात तुला दिली नाही. ज्या टाइल तिथं आहेत, त्याच आता तुमच्या घरात येणार आहेत. म्हणून मी एवढा हट्ट धरलाय.

हॉटेलातलं काही घ्यायचंच असेल तर हे घेऊ. पलंगाच्या दोन्ही बाजूंना हाताशी स्विच, तोही टू-वे, म्हणजे दाराशी लावलेला दिवा झोपून बंद करता येतो. पलंगाखाली पावलांपुरता मंद दिवा, रात्री पाय खाली टेकला की जमीन दिसावी. बाथरूममध्ये भिंतीला घट्ट दांडी, कमोडशेजारी एक आणि नळाशेजारी एक. बसून आंघोळ करायला दगडी ओटा. तिथं खाली छिन्नीनं टाकी मारलेली खडबडीत शहाबादी घाला, ती ओली झाली तरी पाय धरते. उंबऱ्याच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी. पलंगाच्या पायथ्याशी हॉटेलात एक बाक असतो, लोक त्यावर बॅग ठेवतात. बाबांना वाकून चप्पल घालायला तो फार उपयोगी पडेल. माडीवरचा शिसवी बाक खाली आणला की झालं. वायरिंग मात्र सगळं नवं करून घ्या. ठेकेदार ते म्हणतोय त्यात तो बरोबर आहे. पाणी चार-चार दिवसांनी येतं, तेव्हा टाकी मोठी करायचंही तो म्हणाला असेल, तर तेही करा.

भिंतींना पॅनेल नकोत. ते दगडी भिंतीतली ओल आत कोंडून ठेवतात. चुना द्या, दोन हात. कोनाडे तसेच ठेवून एकेकात छोटा पिवळा दिवा बसवू. पाहुणे आले की बाकी काही लावायची गरज पडणार नाही.

झोपाळ्याबद्दल फार लिहीत नाही. अहमदाबादला जुन्या शहरात हाऊस ऑफ एमजी म्हणून हॉटेल आहे, एका गिरणीमालकाचं १९२४ सालचं घर. बाबा, आपल्या सोलापूरसारखंच गिरण्यांचं गाव ते, आणि समोरच सिदी सय्यद मशिदीची ती दगडी जाळी. तिथं दोन दिवस राहताना मला पदोपदी वाटत होतं की तुम्हाला एकदा इथं आणायचं. त्या शहरात झोपाळा नसलेलं जुनं घर शोधावं लागेल. तुमच्या व्याह्यांना सोफा त्यांच्याकडेही असेल. त्यांना झोपाळ्यावर बसवा, शेंगापोळी द्या, वर तूप. कड्या तेवढ्या तेल घालून घ्या, करकरतात.

आणि चादरी. मोठमोठ्या हॉटेलांत पांढऱ्या पलंगपोसावर पायथ्याशी एक रंगीत पट्टा टाकलेला असतो, ज्यानं सगळी खोली उठून दिसते. आपल्या ट्रंकेत तुम्ही विणलेल्या निदान दहा-बारा चादरी आहेत. काही अजून घडीच्या घडी. लग्नासाठी पाहुण्यांच्या खोलीत बाजारातले पॉलिस्टरचे सेट आणू नका. पांढरे पलंगपोस मी पुण्याहून पाठवते, टॉवेल तर माझ्याच कामाचे. पायथ्याशी तुमची चादर. आणि ती जांभळी-पिवळी, ज्याचं जॅकार्डचं पंचकार्ड तुम्ही स्वतः बसवलं होतं आणि बोनसऐवजी घरी आणली होती, ती मला सोप्याच्या मोठ्या भिंतीवर लावायचीय. लाकडी पट्टीवर ताणून, वरून एक दिवा. कुणी विचारलं तर मी सांगेन कुणी विणली ते. तुम्ही सांगणार नाही, मला माहीत आहे.

मी शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं येते. ठेकेदाराला रविवारी सकाळी बोलवा, त्याला मी राग येऊ देणार नाही. त्याचं काम जाणार नाही, वेगळं होईल. बाबा, तुम्हाला हे सगळं पटलं नाही तर समोर बसून सांगा. घर तुमचं आहे, शेवटचा शब्द तुमचा.

आई, ती मोरपंखी चादर माळ्यावर पत्र्याच्या पेटीत आहे ना? भांडेवालीला देऊ नकोस. धुऊ पण नकोस अजून, विरली असेल. मी आले की दोघी मिळून उलगडू आणि मोर मोजू.

तुमची लेक